तांबडीची अकरा पिल्लं

"उघड की तोंड, माझे माय, उघड," असं म्हणत उषाबाईनं पिल्लाची चोच दोन बोटांत धरली, अलगद फाकवली आणि करंगळीच्या टोकावरचा उकडलेल्या अंड्याचा बलक आत सारला. पिल्लानं मान झटकली. बलक उषाबाईच्या नाकावर उडाला.

शेजारची बेबीनंदा भिंतीवरून वाकून बघत होती, ती फस्सकन हसली. "आता काय लेकरावानी भरवून राह्यल्या का वैनी? कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की दाणे टिपाया लागतंय. हे कुठले नवाब आणले?"

"टर्की हाय हे. ह्यांला खायाचंच कळत न्हाई. दाण्यात उभं राहून उपाशी मरतेत म्हनं."

आणि ते खरंच होतं. तांबडी कोंबडी घसा कोरडा पडेपर्यंत क्लक क्लक करून कण्या दाखवत होती आणि तिची अकरा पिल्लं लांब मानेनं तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. ताटलीतला मक्याचा भरडा पायाखाली तुडवत होती, पण त्यात चोच घालावी हे एकालाही सुचत नव्हतं. उषाबाईला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती.

खरं तर न खाणाऱ्याला खाऊ घालण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. बावीस वर्षं ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. ओठ घट्ट मिटून बसलेली, घास गालात धरून ठेवणारी, पहिल्या दिवशी रडून रडून खिचडी सांडणारी, सगळ्या तऱ्हेची पोरं तिनं जेवती केली होती. त्यातली काही आता मिशा फुटून मोटारसायकली उडवत होती. पण घरातच एक तोंड मिटून बसलं होतं आणि तिथं तिची मात्रा चालत नव्हती.

तिचा नवरा बद्रीनाथ मोटारींचा मिस्त्री. वाटूरपासून परतूरपर्यंतच्या कितीतरी विहिरींवरचे पंप त्यानं खोलून जोडलेले. पेचकसाचं टोक चालत्या मोटारीला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचा. दिवाळीनंतर त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली, एक 'हां' तेवढा उरला. ते एकवेळ त्यानं सोसलं असतं. पण बायकोच्या हातानं घास घ्यायचा, तो ओठाच्या कोपऱ्यातून खाली ओघळायचा आणि तिनं पदरानं हनुवटी पुसायची, हे त्याला सोसलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडू लागला. चार घास, मग दोन, मग नुसतं पाणी. जालन्याचे डॉक्टर म्हणाले होते, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढल्यावर बद्रीनाथच्या डोळ्यांत जे आलं ते उषाबाईनं पाहिलं होतं.

अशात एक दिवस परतूरच्या रस्त्यावर राहणारा, कारभारी नावाचा ओळखीचा माणूस दारात आला. त्याचा टर्कीचा फार्म होता. तिथली मोटार दुरुस्त करताना बद्रीनाथ त्या पिसारा फुलवणाऱ्या पक्ष्यावर भलताच खूश झाला होता. कारभारीनं भुशात ठेवलेली बारा अंडी उषाबाईच्या हातात दिली.

"मिस्त्रीनं मागितल्ती मला. म्हनले, आपल्याबी अंगणात एखादा पाहिजे. मी देतो म्हन्लो आन् इसरून गेल्तो." तो बद्रीनाथच्या बाजेकडे बघायचं टाळत होता. "खुडूक कोंबडीखाली ठेवा, निघतेत. पिल्लं निघाली की मातर कोंबड्यांपासून लांब ठेवा बरं का."

का, ते उषाबाईनं विचारलं नाही. मोठ्या कोंबड्या टोचत असतील, त्यात विचारण्यासारखं काय होतं? तिनं आपल्या सगळ्या कोंबड्या बेबीनंदाला देऊन टाकल्या. खुडूक बसलेली तांबडी तेवढी ठेवली. एकवीस दिवस उलटले आणि अंडी फुटेनात, तेव्हा बेबीनंदानं नाक धरून सांगितलं, "नासली वैनी, फेका जल्दी." पण उषाबाई थांबली आणि तांबडीही थांबली. अठ्ठाविसाव्या दिवशी अकरा अंडी फुटली.

आता दोन दिवस झाले होते आणि ही अकरा तोंडं खायला तयार नव्हती. बेबीनंदा गेल्यावर उषाबाईनं ताटली उचलून बद्रीनाथच्या बाजेशी आणून ठेवली. तिथं सावली होती एवढंच. मागोमाग तांबडी आली, पिल्लं आली. उषाबाईनं नखानं ताटलीच्या काठावर टकटक केलं, तशी एकदोन पिल्लांनी मान वळवली. पण बावीस वर्षं भांडी घासून तिच्या बोटांना नखं ती काय राहिली होती?

बाजेवरून हुंकार आला. बद्रीनाथ तिच्याकडे बघत होता. त्यानं डाव्या हातानं कोनाड्याकडे दाखवलं. तिथं त्याची हत्यारांची पिशवी होती. पेचकस दिला, त्यानं मान हलवली. पक्कड दिली, तरी नाही. शेवटी दहा-अकराचा पाना हातात आल्यावर तो म्हणाला, "हां."

टक टक. टक टक टक.

अकराच्या अकरा माना ताटलीवर वाकल्या. एकानं पान्याच्या चकाकत्या टोकावर चोच मारली आणि ती घसरून भरड्यात पडली. पुढच्याच क्षणी ते पिल्लू खात होतं. त्याचं बघून दुसरं खाऊ लागलं. उषाबाईला वाटलं, ओरडावं, पण ती पिल्लं बिचकतील म्हणून तिनं तोंडावर पदर धरला. मग हळूच वरणभात कालवून तिनं बद्रीनाथच्या तोंडाशी घास नेला.

"ते खातेत तवर तुम्हीबी खाऊन घ्या. तुम्ही थांबलात की तेबी थांबतेत बघा."

ही शुद्ध थाप होती. पण बद्रीनाथचं लक्ष ताटलीवर होतं, हात चालू होता आणि तोंड उघडलं.

तो महिना चांगला गेला. उषाबाई अंगणवाडीतून येताना लसूणघास आणायची, बारीक चिरायची, अंडं कुस्करायची. बद्रीनाथ पाना वाजवायचा. पिल्लं दुडदुडत यायची आणि बाजेखाली जेवायची, वर मिस्त्री जेवायचा. बाकी दिवसभर तांबडी त्यांना घेऊन परसातल्या उकिरड्यावर असे. कितीतरी वर्षं घरच्या कोंबड्या तिथंच उकरत आल्या होत्या. ती पायानं माती उडवायची, किडा दिसला की मागे सरायची, पिल्लांना खाऊ द्यायची. "अशी आई मानसातबी मिळत न्हाई," उषाबाई म्हणायची. जालन्याला वजन केलं तेव्हा बद्रीनाथचं दोन किलोंनी वाढलं होतं. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही.

सहाव्या आठवड्यात एक पिल्लू पंख सैल सोडून, डोळे मिटून भिंतीशी उभं राहिलं. त्याची विष्ठा हळदीसारखी पिवळी होती. उन्हाचं असेल म्हणून उषाबाईनं गुळाचं पाणी पाजलं. सकाळी ते आडवं होतं. संध्याकाळी आणखी दोन उभी होती, तशीच.

तिसरं गेलं तेव्हा जनावरांच्या दवाखान्यातला भारत आला. त्यानं मेलेलं पिल्लू कागदावर ठेवून चिरलं. यकृतावर गोल गोल डाग होते, भाकरीवर पडतात तसे.

"मावशी, कोंबड्यांत ठेवली होती का?"

"न्हाई. बिलकुल न्हाई. कारभारीनं सांगितल्तं ना. समद्या कोंबड्या देऊन टाकल्या."

"मंग ती?" भारतनं तांबडीकडे बोट केलं.

"ती तर आई हाय त्यांची."

भारत हात धुता धुता म्हणाला, "कोंबडीच्या पोटात बारीक जंत असतेत, मावशी. त्यातून हा रोग येतोय. तिला स्वतःला काईच होत न्हाई. तिच्या विष्ठेतून, उकिरड्याच्या मातीतून ह्यांच्या पोटात जातोय. म्हनून टर्की कोंबडीपाशी वाढवत न्हाईत."

"म्हंजी तिनंच?"

"तिला काय कळतंय? तुम्हालाबी काय म्हाईत होतं? गोळ्या देतो. पर लई उशीर झालाय."

उषाबाईनं तांबडीला डालग्याखाली कोंडलं. आतून ती ओरडत राहिली आणि बाहेरून उरलेली पिल्लं डालग्याला अंग घासत ओरडत राहिली. गोळ्या कुटून, पाण्यात विरघळवून, चोची फाकवून पाजता पाजता उषाबाई पुन्हा पहिल्या दिवसावर आली होती. तेव्हा निदान हाताला यश येत होतं. आता ती पाजायची आणि पिल्लू तिच्याच मांडीवर मान टाकायचं. ताटली, घास, उकिरडा, आई, जे जे तिनं मायेनं केलं होतं त्यातूनच हे आलं, हा विचार तिला घास गिळू देईना.

बद्रीनाथला तिनं सांगितलं नाही. "उकिरड्यावर हाईत," म्हणायची. पण ज्यानं जन्मभर कानानं मोटारी ओळखल्या, त्याला पायांचा आवाज कमी झालेला कळणार नाही का? अकराची दुडदुड, मग सातांची, मग तिघांची. रोज पाना जरा जास्त वेळ वाजे. रोज घास जरा कमी जाई.

शेवटचं पिल्लू सोमवारी सकाळी गेलं. उषाबाईनं ते बाभळीखाली पुरलं आणि डालगं उचललं. आता कोंडून काय राखायचं होतं? मग हात धुतले, खिचडी टाकली. खिचडीची ताटली घेऊन बाजेशी येऊन बसली. बद्रीनाथनं पाना घेतला.

टक टक. टक टक टक.

तांबडी तेवढी धावत आली. आजूबाजूला बघून क्लक क्लक करत राहिली, मग उकिरड्याकडे निघून गेली.

उषाबाईनं घास पुढं केला. बद्रीनाथनं तोंड उघडलं नाही. तिनं दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. "माझ्यासाठी खावा," ती म्हणाली. थाप मारायलाही आता काही उरलं नव्हतं. "आवं, त्या नळीचं तरी भ्या वाटू द्या." त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून फिरले, खोल गेलेल्या गालांवरून, सुकलेल्या ओठांवरून. कालपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

डाव्या हातानं त्यानं ताटली सरकवली. थोडी थोडी, तिच्या गुडघ्याला लागेपर्यंत. आणि तिच्या पुढ्यात, काठावर, पाना वाजवला.

उषाबाई बघत राहिली. त्यानं पुन्हा वाजवला. तिनं हातातला घास आपल्या तोंडात घातला. तो गिळेपर्यंत पाना थांबला आणि मग परत वाजला.

खिचडी त्याच्यासाठी होती, मऊ, बिनतिखटाची. त्यातला एक घासही त्यानं घेतला नाही. ताटली रिकामी होईपर्यंत तो वाजवत राहिला आणि ती खात राहिली.