गाठ आतल्या बाजूला

"इथे दुखतं?" डॉक्टरबाईंनी पेन्सिलीचं मागचं टोक त्याच्या तर्जनीवर टेकवलं.

"नाही."

"इथे?"

"अंहं."

पेन्सिल तिळाएवढी सरकली आणि छापखान्यात पुस्तकं बांधणारा तो बाइंडर "आई गं!" म्हणत खुर्चीतून उडाला.

"सापडलं," बाई म्हणाल्या.

शेजारी बसलेली बायको घाबरली. पण तो डोळ्यांत पाणी आणून हसत होता. सापडलं! दोन वर्षांत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी कागद कापायच्या मशीनचं पातं बोटाच्या शेंड्याला चाटून गेलं होतं. जखम भरली, खपली गेली, नखही आलं. दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. कागदाची कड लागली तरी खांद्यापर्यंत वीज जायची. म्हणून तो बोट वर धरूनच काम करी. छापखान्यात नवं कुणी आलं, की हा बोटानं वर काय दाखवतोय म्हणून ते छताकडे बघत बसे. आधीचे डॉक्टर म्हणाले, जखम छान भरलीय. बायको म्हणाली, नाटकं. शेवटी त्यालाही वाटू लागलं, आपण कामचुकारच असू. या महिनाअखेर काम सोडतो, असं त्यानं मालकाला सांगून टाकलं होतं. तीस वर्षं पुस्तकं शिवलेली सुई फडक्यात गुंडाळून घरी आणली होती.

बाई समजावत होत्या, "तुटलेल्या नसेच्या टोकाला गाठ आलीय. ती कातडीलगत आहे, म्हणून घासते. गाठ काढायची आणि नसेचं टोक खोल मांसात दडवायचं."

"म्हणजे गाठ बाहेर राहिली!" बाइंडर पुढे सरकला. "बाई, पुस्तक शिवताना आम्ही गाठ घडीच्या आत घेतो. बाहेर राहिली तर पाठीवर उंचवटा येतो, पुस्तक कायम तिथेच उसवतं."

"मग तुम्हाला जास्तच कळलं. पण वचन देत नाही हं. आणि शेंडा थोडा बधिर राहील."

"चालेल. तसा मी थोडा बधिर आहेच."

"थोडा?" बायको पुटपुटली.

बाहेर पडल्यावर जिन्यात तिनं त्याचा मनगटाशी हात धरला. "अहो, मी नाटकं म्हटलं होतं."

"दोन वर्षं चाललं की! असं नाटक कुणाचं चालतं?"

ती हसली, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

शस्त्रक्रियेला हातच तेवढा बधिर केला होता. पडद्याआडून तो विचारत राहिला, "बाई, टोक आत घेतलंत ना?"

"घेतलं हो, खोल."

"मग घडी घाला वरून."

टाके निघाले, सूज उतरली. एका सकाळी बायकोनं डब्याशेजारी फडक्यातली सुई ठेवली.

छापखान्यात त्यानं पहिला फर्मा, पानं छापलेला मोठा कागद, घडी करायला घेतला. बोट सवयीनं वरच.

"काय रे, अजून छतच दाखवतोयस?" मशीनवाला ओरडला.

त्यानं बोट हळूहळू खाली आणलं, निजलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं. घडीवर टेकवलं. श्वास रोखून वाट पाहिली.

वीज आली नाही. कागदही जरा लांबूनच लागला, पातळ कापडाआडून लागावा तसा. पण कागदच लागला.

वरून खाली त्यानं घडी दाबत नेली. पक्की बसली.

मग काही गरज नसताना, खालून वर, पुन्हा एकदा.