दुसरा ब्रेक

समोरच्या माणसाने मागे न बघताच बॉनेटवर हात टेकला.

तो उलटा चालत होता. रिव्हर्समध्ये येणाऱ्या टेम्पोला हाताने खुणा करत, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे," असं ओरडत तो एकेक पाऊल मागे सरकत थेट रस्त्यात उतरला होता. आता त्याच्या पाठीशी शिकाऊ गाडी होती आणि भिंतीला टेकावं तसा तो तिला टेकला होता. क्षणभराने "बस्स!" म्हणून त्याने टेम्पो थांबवला, हात झटकले आणि निघून गेला. आपण कशाला टेकलो होतो, हे त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही.

गाडीच्या काचा बंद होत्या. हिसका बसून इंजिन बंद पडलं होतं. सगळं गप्प झालं आणि त्यानंतर डॅशबोर्डखालचा बझर वाजला.

त्यानंतर. शेजारी शिकवायला बसलेल्या मावशींनी तो शब्द मनात पुन्हा एकदा उच्चारला.

स्टिअरिंगवर बसलेल्या ताईंनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. त्या शाळांचे गणवेश शिवायच्या. एरवी त्यांचे हात कधी रिकामे दिसायचे नाहीत.

"वाजला," त्या म्हणाल्या. "ऐकलंत ना? तुम्ही होतात म्हणून. नाहीतर गेला होता तो माणूस."

मावशी खाली बघत होत्या. शिकवणाऱ्याच्या पायाशी गाडीला दुसरा ब्रेक होता. तो दाबला की बझर वाजायचा, म्हणजे गाडी आपण थांबवली की शेजारच्याने, हे शिकणाऱ्याला आपोआप कळायचं. मावशींचा उजवा बूट आता त्या ब्रेकवर होता. पण तो तिथे आत्ता आला होता. त्याआधी तो ब्रेकच्या शेजारी, रबरी मॅटवर होता, आणि मावशींनी आपला सगळा जोर त्या मॅटवर दिला होता. माणूस त्यांना दिसला होता. पाय हलला होता. दाबलं, असं त्यांना वाटलंही होतं. बझर वाजला नाही म्हणून त्यांनी खाली पाहिलं, पाय उचलून योग्य जागी ठेवला आणि मग दाबला. तोवर गाडी उभी होती.

"मागून गाड्या येतायत," मावशी म्हणाल्या. "चालू करा. इंडिकेटर द्या आणि बाजूला घ्या."

ताईंनी गाडी चालू केली, आरशात पाहिलं, एका बंद दुकानापुढे नेऊन नीट उभी केली आणि हँडब्रेक ओढला. मग चावी काढून त्यांनी ती मावशींच्या हातात दिली.

"उद्याची परीक्षा रद्द करायला सांगा," त्या म्हणाल्या. "मला नाही जमायचं हे."

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळेच त्यांना मावशी म्हणत. मालकसुद्धा, कारण तोही त्यांच्याच शेजारी बसून गाडी शिकला होता. नव्या लोकांना पहिल्या दिवशी त्या गाडीला हात लावू देत नसत. खुर्च्या मांडून बसवत आणि बोलत. डोळ्यांना दिसतं, मग डोकं ठरवतं, मग पाय हलतो. या तिन्हीला मिळून जो वेळ लागतो, त्या वेळात गाडी पुढे जातच असते. ती तुमच्यासाठी थांबत नाही. दारू प्यायली की हा वेळ वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. जागरणाने वाढतो, तापाने वाढतो, खोकल्याच्या औषधाने वाढतो, कानाला फोन असला की वाढतो. घरात भांडण करून आला असाल तर त्या दिवशी मला तसं सांगा, आपण नुसता चहा पिऊ. यावर लोक हसत. एकदा एक नवरा-बायको म्हणाले होते, मग आमचं शिकणं राहिलंच.

ताई तेव्हा हसल्या नव्हत्या. त्या पुढे झुकून ऐकत होत्या, आणि सगळे गेल्यावर मागे थांबून त्यांनी विचारलं होतं, "आणि कडेचं दिसत नसेल तर?"

ते त्यांच्या नवऱ्याबद्दल होतं. शिवलेले गणवेश व्हॅनमधून दुकानांत पोचवायचं काम तो करायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला काचबिंदू सांगितला होता. समोरचं दिसायचं, कडेचं विरत चाललं होतं. गाडी सोड, असं डॉक्टर म्हणाले होते. तो म्हणाला, रस्ता पाठ आहे मला. तेव्हापासून ताई शिवण टाकून त्याच्या शेजारी बसून जात. डावीकडून सायकल. उजवीकडे बाई, मूल आहे बरोबर. थांबा. हं, चला आता.

"चावी काढून घ्या सरळ," मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या.

"मग माल कोण पोचवणार? म्हणून तर आले ना तुमच्याकडे."

सुरुवातीला ताई चालवताना बझर सारखा वाजायचा. "हा बझर म्हणजे माझी सासूच," त्या म्हणायच्या. "इतका वेळ नीट केलं त्याचं काही नाही, चुकलं की बोललाच." हळूहळू तो कमी झाला आणि मग वाजेनासा झाला. "सासूबाई रुसल्यात वाटतं," असं म्हणून ताई गालात हसायच्या. मावशींनाही बरं वाटायचं. शिलाई मशीनवर वर्षानुवर्षं काढलेला पाय होता तो; बटणाच्या काठाशी सुई थांबवणारा. तो शिकणार, हे मावशींना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

आता त्या पायाकडे बघत ताई बसल्या होत्या.

"मला वाटलं, मी दाबला," त्या म्हणाल्या. "खरंच वाटलं. पण बझर वाजला. म्हणजे तुम्ही दाबलात. मला नुसतंच वाटलं."

"तुम्हीच दाबलात, ताई."

"राहू दे हो."

"इंजिन का बंद पडलं? ब्रेक दाबला आणि क्लच राहिला म्हणून. ब्रेक तुमचा होता. मी नंतर दाबला. गाडी थांबल्यावर."

ताईंनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. लहान मुलाने काढलेलं चित्र छान आहे म्हणावं आणि ते खरं नाही हे त्यालाही कळावं, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"समजूत काढताय माझी. उद्या परीक्षा आहे म्हणून. तुमचा स्वभावच आहे तो." त्यांनी काचेवरचा एक डाग बोटाने पुसला. डाग बाहेरच्या बाजूला होता. "आमच्या ह्यांना सांगते, चालवा तुम्हीच. मी आहेच शेजारी. आतापर्यंत काही झालं नाही, पुढेही नाही होणार."

मावशींनी हातातली चावी उलटीसुलटी केली.

काही न बोलणं सोपं होतं. घरी त्या तेच करत होत्या. पायांना आधी मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. साखरेमुळे नसा गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. डोळे मिटायला सांगून त्यांनी तळपायाला एका बारीक दोऱ्याने स्पर्श केला होता. कळलं की सांगा. मावशींना दोरा कळत नव्हता. डॉक्टर पुढे वाकले की त्यांचं स्टूल करकरायचं, ते कळायचं. स्टूल करकरलं की त्या "हो" म्हणायच्या. बऱ्यापैकी आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि रात्री पायांची आग व्हायची, त्यासाठी त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. पाकिटावर छापलं होतं, गुंगी येऊ शकते, वाहन चालवू नये. मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"मी कुठे चालवते?" मावशी म्हणाल्या होत्या. "मी तर शेजारी बसते."

मुलीने पाकीट मिटून ठेवलं होतं. पण एकदा जिन्यात आईची एक चप्पल खालच्या पायरीवर पडलेली तिला दिसली, आणि आई वरच्या मजल्यावर दुसऱ्या पायात चप्पल घालून कुलूप उघडत उभी होती. मुलीने चप्पल वर आणून आईच्या पुढ्यात ठेवली. "सैल झालीय," मावशी म्हणाल्या. मुलीने तिचा पट्टा ओढून पाहिला आणि ती आत गेली.

रस्त्याच्या पलीकडे टेम्पो रिकामा होत होता. उलटा चालणारा माणूस आता कपाट उचलायला मदत करत होता. एक हात निसटला तशी त्याने कुणाला तरी शिवी दिली आणि तो हसला. त्याच्या शर्टाच्या पाठीवर बॉनेटवरची धूळ लागली होती.

मावशींनी चावी डॅशबोर्डवर ठेवली. त्या वाकल्या आणि उजव्या बुटाची नाडी सोडू लागल्या.

"काय झालं?" ताईंनी विचारलं. "लागलं का?"

"तुमच्याकडे टाचणी आहे?"

ताईंच्या कॉलरच्या आतल्या बाजूला नेहमीच दोन-तीन टाचण्या खोचलेल्या असत. त्यांनी एक काढली, पण दिली नाही. "कशाला?"

मावशींनी मोजा काढला. पाय वळवून सीटवर, दोघींच्या मध्ये ठेवला. सुजलेला, स्वच्छ, नखं नीट कापलेला पाय होता. दुसऱ्या कुणाचा असावा तसा तो तिथे पडला होता.

"टोचा," त्या म्हणाल्या. "मी डोळे मिटते. कुठे टोचताय ते सांगते."

"मावशी, काहीतरीच काय!"

"टोचा हो. कापडाला टोचता तसं."

त्यांनी डोळे मिटले. गाडीत स्टूल नव्हतं. बाहेर कपाट कशावर तरी आपटलं. एक स्कूटर गेली. मावशी वाट बघत राहिल्या. ताई बहुधा अजून धीर करत असतील, असं त्यांना वाटलं. इतरांना दुखवायचं म्हटलं की त्यांचा हात उचलत नसे.

"होऊ दे," मावशी म्हणाल्या. "घाबरू नका."

"मावशी," ताईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी टोचतेय."

"कुठे?"

मावशींनी डोळे उघडले तेव्हा टाचणी अंगठ्याखालच्या मऊ भागात होती, उभी, कुणीही न धरता. ताईंनी ती उपसली. टाचणीच्या जागी रक्ताचा अगदी छोटा ठिपका आला आणि तेवढाच राहिला. ताईंनी पर्समधून कापडाची एक चिंधी काढली, गणवेशाच्या निळ्या रंगाची, आणि तो पुसला. दुखू नये अशा हलक्या हाताने पुसला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"आणि मी रोज तुमच्या भरवशावर..."

"हो," मावशी म्हणाल्या.

ताई सीटला टेकल्या. मग त्यांचा उजवा पाय, त्यांच्याही नकळत, ब्रेकवर गेला आणि त्यांनी तो हळूच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. बझर वाजला नाही. त्यांच्या बाजूच्या ब्रेकला तो कधीच वाजत नसे.

मावशींनी मालकाला फोन लावला.

"काय मावशी, ठोकली की काय?" त्याचा नेहमीचा विनोद होता.

"नाही. शेजारी बसायला माणूस पाठवा."

"म्हणजे? बरं नाही का तुम्हाला?"

"मला बसता येणार नाही. या तुम्ही, मग सांगते."

तो कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आला. मावशी गाडीबाहेर, बंद दुकानाच्या पायरीवर बसून मोजा चढवत होत्या. त्यांनी बसल्या बसल्याच त्याला सांगितलं. सांगायला फार काही लागलं नाही. मालक उभ्याने ऐकत होता. त्याला गाडी शिकवताना मावशींनी त्याच्या गुडघ्यावर पट्टी मारली होती, आणि त्याने ती गोष्ट ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली होती.

"पायाचं एक वेळ सोडा हो," शेवटी तो म्हणाला. "पण बोलायचं तरी."

"आता बोलले ना."

"मुलीला माहीत आहे?"

मावशींनी नाडीची गाठ घट्ट ओढली. किती घट्ट झाली ते कळत नव्हतं म्हणून त्यांनी तिच्यात बोट घालून पाहिलं. "तिला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी सांगितलेलं नाही."

मालक शेजारच्या सीटवर बसला, त्याने सीट मागे सरकवली, आरसा आपल्यासाठी वळवला. मावशींनी मागचं दार उघडलं. या गाडीत त्या मागे कधी बसल्या नव्हत्या. सीटवर कुणाची तरी विसरलेली छत्री होती. ती त्यांनी बाजूला केली.

"उद्या किती वाजता आहे परीक्षा?" ताईंनी चावी फिरवता फिरवता विचारलं. विचारलं मालकाला, पण आरशातून त्यांनी मागे पाहिलं.

"सकाळी दहाला," मावशी मागून म्हणाल्या.

ताईंनी मान डोलावली. इंडिकेटर दिला, खांद्यावरून पाहिलं, एक मोटार जाऊ दिली आणि गाडी रस्त्यावर घेतली. मालक उगाचच खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या चौकात दिवा पिवळा झाला. डाव्या गल्लीतून एक मुलगी सायकल ढकलत आली आणि कुणाकडे न बघता रस्ता ओलांडू लागली. ताईंचा पाय खाली गेला. गाडी एकदाच, अजिबात हिसका न बसता थांबली. बझर वाजला नाही.

मागच्या सीटवर मावशींनीही ब्रेक दाबला होता, किंवा दाबला असं त्यांना वाटलं. तिथे नुसती मॅट होती. सायकल पलीकडे पोचेपर्यंत त्या थांबल्या, आणि मग आपला पाय कुठे आहे ते बघायला खाली वाकल्या.