चौदा खिडक्या

कोरिनने खिडकीच्या चौकटीवर नख वाजवलं. आवाज लाकडाचा नव्हता.

"प्लास्टिक?" तिने वळून पाहिलं. "अहो व्हर्नन, तुमच्या घरात?"

"माझ्याच."

शहराच्या वारसा समितीवर व्हर्ननने सव्वीस वर्षं काढली होती. मूळच्या लाकडी खिडक्या काढल्या तर इमारत वारसा यादीत घ्यायची नाही, हा नियम त्यानेच हट्टाने करून घेतलेला. जुनं पोस्ट ऑफिस, ऑपेरा हाउस, नदीकाठची पिठाची गिरणी, सगळं त्या नियमावर राखलं. एका बेकरीवाल्याने गुपचूप दोन खिडक्या बदलल्या, तर भर सभेत त्याची खरडपट्टी काढली. आज समितीतर्फे घराची तपासणी करायला आलेल्या कोरिनलाही पारख त्यानेच शिकवली. आता पुलाचा रस्ता रुंद करायला त्याचंच घर पाडायचं घाटत होतं. यादीत आलं तरच ते वाचणार होतं, आणि समितीची बैठक गुरुवारी होती.

"जुन्या फेकल्यात?"

"गॅरेजमध्ये आहेत. चौदाच्या चौदा, ब्लँकेटांत गुंडाळून."

कोरिनचा जीव भांड्यात पडला. "मग झालं तर. उद्या दोन सुतार पाठवते. मी आज आलेच नव्हते असं समजा."

व्हर्नन हळूच बायकोच्या खुर्चीत टेकला.

"लोइस एक्केचाळीस हिवाळे या खोलीत कोट घालून बसली. फटींतून वारा यायचा. मी म्हणायचो, जुन्या घराची ऐट आहे ही, सोसायची. गेल्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा या बसवल्या."

"बरं वाटलं असेल त्यांना."

"कोट काढून ठेवला तिने. म्हणाली, 'व्हर्नन, इतकं सोपं होतं होय हे?'"

ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटे. पण ती खरोखरच खूश होती. पुढे जेमतेम पाच आठवडे जगली.

कोरिन चाचरत म्हणाली, "आता जुन्या बसवल्या, तर त्यांना काही थंडी वाजायची नाही, व्हर्नन."

"नाही वाजायची."

"घर जाईल हो."

"ठाऊक आहे, पोरी. लिही."

तिने तपासणीच्या फॉर्मवरचा खिडक्यांचा रकाना कोराच ठेवला. व्हर्ननने तिच्या हातातून पेन घेतलं, 'मूळच्या नाहीत' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली तारीख घातली.