बाळाशी बोलायची बंदी

मी विळी बोलतेय. दचकू नका, आत्ता मला आडवी करून ठेवलंय. माझं पातं तळेऱ्याच्या एका लोहारानं ठोकलं, पाट फणसाचा. १९९८ साली सत्यवतीनं मला विकत घेतलं आणि कुणकेश्वरजवळच्या आपल्या घरी मागच्या पडवीत आणून ठेवलं. सकाळी ती मासे विकायला जायची, दुपारी उरलेली मासळी घेऊन यायची आणि माझ्या पाटावर पाय दाबून बसायची.

हात चालला की तिचं तोंडही चालायचं. बांगड्याला विचारायची, "काय रे, डोळे कित्याक वटारतंस?" मांजराला दटावायची, धार गेली म्हणून मला शिव्या घालायची. या बाईला गप्प बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग २००३ साली तिच्या सुदेशला मुलगा झाला, निकेत. आणि सत्यवती गप्प बसली.

त्याचं असं झालं. सुदेश होडीवर जातो. लहानपणी शाळेत तो मालवणीत उत्तर द्यायचा आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. ते त्याला इतकं लागलं की त्यानं शाळाच सोडली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं आईला आणि बायकोला, जान्हवीला, बजावलं, "हेच्याशी शुद्धच बोलूचां. माझे हाल झाले, तशे हेचे नको होवक." सांगणं मात्र मालवणीत! मला हसू आलं. पण त्याच्यावर रागावू तरी कशी? बिचारा लेकराच्या काळजीनंच बोलत होता.

सत्यवतीला शुद्ध जमेना. जान्हवीची गाडीही "बाळ, दूध पी", "बाळ, झोप" याच्यापुढे जाईना. चुकण्यापेक्षा दोघी गप्पच राहायच्या. निकेत माझ्यापासून जरा लांब चटईवर बसून "अं? अं?" करायचा आणि सत्यवती ओठ घट्ट मिटून मासे कापायची. उत्तर मिळेना, तेव्हा हळूहळू त्यानं विचारणंही सोडून दिलं.

दोन वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडातून एक शब्द नाही. शेजारची विमला कुजबुजली, "मुको तर नाय मां?" जान्हवी रडून रडून अर्धी झाली. कुणकेश्वराला नवस बोलून झाला. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठणठणीत होते. "घरात त्याच्याशी भरपूर बोला," असं ते म्हणाले. सुदेशनं काय केलं, तर टीव्ही आणला. टीव्ही शुद्ध बोलायचा खरा, पण पोरानं "अं?" केलं तर त्याला कुठलं ऐकू येतंय!

एके दुपारी जान्हवी विहिरीवर गेली होती. निकेत दुडुदुडु आला आणि थेट माझ्या पात्याजवळच्या बांगड्याला हात घालू लागला. माझं तर काळीजच हललं. सत्यवतीनं झटकन त्याचा हात धरला आणि इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"अरे माझ्या झिला, माझ्या लेका, खंय हात घालतंस? बोटां कापतली मां! बांगडो होयो तुका? बांगडो?"

निकेत रडला नाही. तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "अं?"

"होय रे, बांगडो! दर्यातसून इलो."

"अं!"

"कोणी आणल्यान? तुझ्या बापाशीन? होय तर!"

ती विचारी, थांबे, त्याच्या "अं"लाच उत्तर समजून पुढे बोले. जान्हवी कळशी घेऊन आली आणि आधी घाबरलीच. मग तीही खाली बसली. तेव्हापासून सुदेश समुद्रावर गेला की मागच्या पडवीत चोरून गप्पा रंगू लागल्या.

काही महिन्यांनी एकदा वारा सुटला म्हणून होडी लवकर परतली. सुदेश मागच्या दारी आला आणि त्यानं सगळं ऐकलं. त्याचा चेहरा पडला. टोपलीतला एक बांगडा उचलून त्यानं मुलासमोर धरला. "निकेत, हे काय आहे?"

निकेत आजीच्या पाठीमागे लपला.

"बाळ, सांग ना. हे काय आहे?"

पोरानं आजीचा पदर आणखीच घट्ट धरला. सत्यवतीनं मान खाली घातली. सुदेश उकिडवा बसला. मग अगदी हळू म्हणाला, "ह्यां काय आसा रे, झिला?"

"बांगडो! बाबा, बांगडो!"

सुदेश ढसाढसा रडला. मलाही भरून आलं, लपवत नाही.

आता २०१० साल आहे. निकेत शाळेत जातो. तिथे शुद्ध बोलतो, घरी मालवणी, आणि फार बडबडतो म्हणून दोन्हीकडे ओरडा खातो. सत्यवतीचे गुडघे गेले, जान्हवीनं सुरी आणली, मी कोपऱ्यात गंजत पडलेय. मला परत धार लावा असं मी म्हणत नाही. एवढंच सांगते, लेकरांशी बोला हो. तुमच्या तोंडात जी भाषा बसली असेल, तिच्यात बोला. आणि बोलून झालं की जरा थांबा, त्यांचंही काही म्हणणं असतं.

आत्ता पडवीत सुदेश जाळं दुरुस्त करतोय. शेजारी चटईवर त्याची धाकटी लेक पूजा आहे, तीन महिन्यांची. ती "अग्गू" म्हणाली.

"होय गो? मगे काय झालां?" असं म्हणून सुदेशनं हातातलं जाळं खाली ठेवलं आणि तो तिच्या उत्तराची वाट बघत बसला.