दोन खोकले

“एकदा खोकलीस की ढग, दोनदा खोकलीस की लख्ख,” शेजारच्या सीटवर बसत एलिसेओ म्हणाले.

“दोन वर्षं हेच करतेय, पापा. झोपेतही चुकणार नाही.” निदियाने व्हॅन सुरू केली.

“मागच्या महिन्यात चुकलीस.”

“मी खोकले होते. शेजारून ट्रक गेला, तुम्हाला ऐकू आलं नाही.”

“म्हणजे डोळे गेले ते गेले, आता कानांवरही आळ.”

एलिसेओ एकतीस वर्षं पाहुण्यांना मेक्सिकोतलं मॉन्टेरे शहर आणि त्याच्याभोवतीचे डोंगर दाखवत होते. त्यातली शेवटची दोन वर्षं स्वतः न बघता. काचबिंदूने उजेड-अंधाराचा फरक तेवढा शिल्लक ठेवला होता. काळा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात माइक. रस्त्याची वळणं त्यांच्या कमरेला पाठ होती. कुठल्या वळणावर कुठला कडा येतो, हे त्यांना कुणी सांगायला लागत नसे. फक्त त्या कड्यावर आज ढग आहे की नाही, हे कमरेला कळत नाही. त्यासाठी निदियाचा खोकला.

सहल कंपनीच्या मालकीण ग्रासिएला यांना एवढंच माहीत होतं, की एलिसेओंच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. पण मागच्या महिन्यात कुणीतरी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, ‘ढगात गेलेलं शिखर गाइड हात करून दाखवत होता.’ तेव्हा त्यांनी निदियाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “अजून एक तक्रार आली, की मी प्रत्येक सीटला रेकॉर्ड केलेल्या माहितीचे हेडफोन बसवणार. तुझ्या वडिलांना घरी बसव. बत्तीस-तेहतीस वर्षं झाली असतील ना आता?”

“एकतीस,” निदिया म्हणाली होती.

आजचे पाहुणे मेरिदाचे होते. सोळा निवृत्त शिक्षक. त्यांना आवडलं तर दर महिन्याला तिकडून एक तुकडी येणार होती. मेरिदा म्हणजे तव्यासारखा सपाट मुलूख. त्यामुळे शहराबाहेर पडायच्या आधीच सगळे खिडक्यांना चिकटले होते.

“आमच्या गावात सगळ्यात उंच चढ म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक,” ओनेसिमो नावाचे गणिताचे मास्तर म्हणाले. “त्यावरही माझी बायको दमते.”

“मी नाही दमत. तुम्हाला ढकलून दमते,” त्यांची बायको म्हणाली.

सकाळी टेकडीवरच्या, देखावा बघायच्या गच्चीपाशी हवा स्वच्छ होती. पूर्वेला खोगीर डोंगर उभा होता, दोन टोकं आणि मधे घोड्याच्या खोगिराला असतो तसा खळगा. निदिया दोनदा खोकली. एलिसेओंनी माइक तोंडाशी नेला.

“एका मॉन्टेरेवाल्याचं नाणं त्या डोंगरावर पडलं. आम्ही कसे चिक्कू, तुम्ही ऐकून असालच. तो खणत बसला. खणता खणता मधला डोंगर गेला, म्हणून हे खोगीर.”

“नाणं सापडलं का?” मागून कुणीतरी विचारलं.

“सापडलं असतं तर थांबला असता. आजूबाजूचे डोंगर बघा, कसे कोरून ठेवलेत.”

गाडी हसली. निदियाच्या पाठीमागे बसलेल्या कासिमिराबाई मात्र डोंगराकडे बघत राहिल्या. भूगोल शिकवण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती, आणि आयुष्यातला पहिला डोंगर त्या आज पाहत होत्या.

पुढे प्रत्येक थांब्याला निदिया खोकत गेली. चिपिंकेच्या घाटाला गाडी लागली तेव्हा कासिमिराबाईंनी पुढे वाकून तिच्या खांद्यावर टिचकी मारली.

“पोरी, छातीत कफ धरलाय तुझ्या. ही गोळी घे.”

“नको बाई, मला काही झालं नाही.”

“सकाळपासून मोजतेय मी. नाही म्हणायचं नाही. शिक्षकाचं ऐकावं.”

चिंचेची गोळी होती, वरून तिखट लावलेली. निदियाने ती तोंडात टाकली.

सातव्या वळणानंतर डावीकडे दरी उघडते आणि पलीकडे खोगीर डोंगर येतो. आज दरी उघडली, पण पलीकडे काहीच नव्हतं. तासाभरात ढग असे चढले होते, जणू खिडकीला कुणी चादर बांधली. निदियाने एकदा खोकायला तोंड उघडलं आणि गोळीचं तिखट घशात गेलं. ती खोकली. मग पुन्हा. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत, सहा वेळा. व्हॅन कशीबशी कडेला घेऊन तिने ब्रेक लावला.

एलिसेओंच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलत होते. ते मोजत होते. मग आठी गेली आणि त्यांनी माइक उचलला.

“डावीकडे बघा,” ते म्हणाले. “सकाळी लांबून पाहिलात, तोच आता समोर. उजव्या टोकाखाली एक कडा आहे. दुपारी चारनंतर तो भट्टीतल्या पावासारखा तांबूस होतो. त्या कड्याखाली मी माझ्या बायकोला मागणी घातली. ती म्हणाली, आधी मला सुखरूप खाली उतरव, मग बघू.”

कुणी हसलं नाही. निदियाला बोलता येत नव्हतं. तिने आरशात पाहिलं. सोळा चेहरे पांढऱ्या काचेकडून तिच्या वडिलांकडे वळले होते. ओनेसिमो मास्तर उठले.

“पण इथं तर—”

“ओनेसिमो, बसा,” कासिमिराबाई म्हणाल्या. “बोलायचं असेल तर आधी हात वर करायचा.” मग त्या पुढे वाकल्या. “गाइडसाहेब, डाव्या टोकाखाली ती करडी रेघ आहे. वरपासून खालपर्यंत. ती कसली?”

रेघ होती. सकाळी गच्चीवरून त्यांनी ती पाहिली असणार. एलिसेओंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“ती पाण्याची वाट, बाई. सप्टेंबरात वादळ आलं की तिथून पाणी कोसळतं, एरवी कोरडी. एकतीस वर्षांत ती रेघ कुणी विचारली नव्हती.”

“मग सांगा ना. आम्हाला कुठं घाई आहे?”

ते सांगत गेले. ओनेसिमो मास्तर बसले. थोड्या वेळाने त्यांनी खरोखरच हात वर केला आणि विचारलं, “त्या खळग्यात घोडं मावेल का हो?”

“घोडं कसलं, सगळं मेरिदा मावेल,” एलिसेओ म्हणाले, आणि आता मात्र सगळे हसले.

वर पठारावर पोचल्यावर मंडळी चालायला गेली. लांब नाकाच्या रानप्राण्यांनी ओनेसिमोंच्या बायकोची केळी पळवली, त्याचा आरडाओरडा झाडांमागून ऐकू येत होता. ‘गुडघा दुखतोय’ हे रोजचं कारण सांगून एलिसेओ व्हॅनपाशी थांबले होते.

“सहा म्हणजे काय?” त्यांनी विचारलं. “मी धरलं, तीनदा लख्ख.”

“गोळी अडकली, पापा.”

“ढग होता?”

“हो.”

“किती?”

“सगळा.”

“मग कुणी बोललं कसं नाही?”

“ऐकत होते,” निदिया म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

निघताना कासिमिराबाईंनी त्यांनाही एक गोळी दिली. समोर धरली नाही. त्यांचा हात हातात घेऊन तळव्यावर ठेवली आणि बोटं मिटवली. मग अभिप्रायाची वही मागून घेतली. दुसऱ्या दिवशी ग्रासिएलांनी ती निदियापुढे उघडी ठेवली. ठसठशीत, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘हवा: ढगाळ. डोंगर: नीट दिसला.’

“याचा अर्थ काय?” त्यांनी विचारलं. “पण दर महिन्याची तुकडी पक्की केलीय त्यांनी. याच गाइडसकट.”

चौदा तुकड्या एलिसेओंनी नेल्या. पंधरावीच्या आदल्या रविवारी, अंगणात मांस भाजायला निखारे फुलवता फुलवता, ते खुर्चीत मागे टेकले ते टेकलेच. इस्त्री केलेला पांढरा शर्ट सोमवारसाठी दाराला टांगलेला होता.

आता निदियाच गाडी चालवते आणि तीच बोलते. नाण्याचा विनोद तिला जमतो, वडिलांइतका नाही. शेजारची सीट ती कुणाला देत नाही. सातव्या वळणानंतर दरी उघडली की आधी पलीकडे बघते, मग खोकते. ढग असला तर एकदा, लख्ख असलं तर दोनदा. मग माइक उचलते.

मागून कुणीतरी गोळी पुढे करतं. ती ‘आभारी आहे’ म्हणते, आणि शेजारच्या सीटवर ठेवते.