दुसऱ्या वळणावर सोल सुटला

मित्रांनो, बूट नेहमी जोडीनं असतात, पण ही हकिगत मी एकटाच सांगणार आहे. मी डाव्या पायाचा बूट. डोंगरात चालण्यासाठी केलेला, तपकिरी कातड्याचा, घोट्याच्या वर येणारा. आता जुना झालो आहे. माझा जुळा भाऊ, उजवा, माझ्या शेजारीच आहे. त्याचा सोल अजून शाबूत आहे, म्हणून त्याला गप्प बसता येतं. मला ते जमत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका टेबलावर कातडं कापायचे, दुसऱ्यावर शिवायचे आणि शेवटच्या टेबलावर जाड चष्म्याचा एक कारागीर ब्रशनं सोल्युशन लावून सोल चिकटवायचा. त्या उग्र वासानं त्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. शेजारचा त्याला चिडवायचा, "काय रे, प्रत्येक बुटाला रडत रडतच निरोप देतोस का?" त्यानं माझा सोल दोन्ही अंगठ्यांनी बराच वेळ दाबून धरला होता. त्या कामात त्यानं कसूर केली नाही, हे मी आधीच सांगून टाकतो.

मला विकत घेतलं ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काम करणाऱ्या एका माणसानं. मी त्यांना बाबा म्हणतो, कारण त्या घरात दिवसभर तीच हाक ऐकू यायची. हाक मारणारी त्यांची एकुलती एक मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आणि आई बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची. लोकांचे कोट आखूड करून दे, कुणाच्या पँटची चेन बदलून दे, असं तिचं काम.

उन्हाळ्यात पाण्याची ओरड, पावसाळ्यात टाक्यांत गाळ. बाबांना रजा मिळायची ती फक्त हिवाळ्यात. मग चार दिवस कुठल्या तरी डोंगरात जायचं आणि तिथला धबधबा बघायचा, असा त्या घराचा नेमच पडला होता. गाडीत खिडकीसाठी भांडण, घाटात भिंगरीला उलटी, पायथ्याशी भाड्याची खोली आणि सकाळी सातला धुक्यात चालायला सुरुवात. बाबा पुढे, मध्ये भिंगरी, मागे आई. नाकं लाल, तोंडातून वाफा. मी आणि उजवा ओल्या पानांवरून, गोठलेल्या चिखलावरून, दगडांवरून चालत राहायचो. बाबांचा पाय माझ्यात उबदार असायचा. त्याहून मोठं सुख बुटाला नसतं.

धबधब्यासमोर पोचलं की बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे, "बघा! पंप नाही, मोटर नाही, वीज गेली तरी पडतंच!"

"झालं?" आई म्हणायची. "आता तुमचा पंप बंद करा आणि डबा उघडा."

खोलीवर परतल्यावर आई आमच्यात कागदाचे बोळे कोंबून आम्हाला शेगडीपासून हातभर लांब ठेवायची. घरी आलो की बाबा तेलाच्या फडक्यानं आम्हाला पुसायचे. एकदा वाटेत एक अनोळखी म्हातारा थांबला, खाली वाकून बघत म्हणाला, "बूट झकास आहेत हो तुमचे." त्या दिवशी बाबा मान ताठ करून चालले.

असे दहा हिवाळे गेले. दहाव्या वर्षी माझी शिवण उसवली तेव्हा बाबा आम्हाला कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेले. काकांनी शिवण घातली, सोल वाकवून बघितला आणि म्हणाले, "माल चांगला आहे. पण घालत राहा. हे सोल पडून राहिले की आतून भुगा होतात. वरून कळतसुद्धा नाही."

"पडून कशाला राहतील?" बाबा हसले.

पण त्याच वर्षी बाबांची आई, म्हणजे भिंगरीची आजी, पडली आणि अंथरुणाला खिळली. तिला सोडून कुठं जाणार? बाबांनी आम्हाला वर्तमानपत्रात गुंडाळलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि माळ्यावर ठेवलं.

सहा वर्षं, मित्रांनो. खालून शिलाई मशिनचा आवाज यायचा. आई आजीला भरवताना बोलायची ते ऐकू यायचं. भिंगरी कॉलेजला गेली, मग नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. आम्ही पिशवीत घामेजून पडलो होतो. काकांनी सांगितलं होतं तेच माझ्यात चाललं होतं. कातडं तसंच होतं, शिवण तशीच होती, पण सोल आतून भुसभुशीत होत होता. मला ते कळत होतं. सांगायचं कसं?

आजी गेली. पुढच्या हिवाळ्यात भिंगरी सुट्टीवर घरी आली आणि आईसमोर उभी राहिली. "आई, आरशात बघ जरा. सहा वर्षांत तू गल्लीच्या टोकापलीकडे गेली नाहीस. ते काही नाही, आपण धबधब्यावर जायचं. तिकिटं मी काढली आहेत."

"अगं, पण इतके कोट पडलेत शिवायचे..."

"कोट पळून जात नाहीत."

आई हसली. खूप दिवसांनी हसली असावी, कारण बाबा तडक माळ्यावर चढले. आम्हाला काढलं, तेल लावलं. आम्ही नव्यासारखे दिसत होतो.

"अहो, एकदा काकांना दाखवून आणा," आई म्हणाली.

"पहाटेची गाडी आहे, आता कधी दाखवू? हे बघ, कसे टणटणीत आहेत!" असं म्हणून बाबांनी मला फरशीवर जोरात आपटलं. त्या एका आपटण्याला मी टिकलो. तिथंच तुटलो असतो तर किती बरं झालं असतं!

पायथ्याच्या खोलीवर एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाट चढायला लागलो. भिंगरी पुढे, गाणं गुणगुणत. बाबा मध्ये. आई मागे, दम लागत होता तरी खूश. पहिल्या वळणापर्यंत मी तग धरला. दुसऱ्या वळणावर पुढच्या बाजूनं माझा सोल सुटला. फट असा आवाज झाला. बाबांनी खाली बघितलं. अर्धा सोल लोंबत होता आणि त्यातून पिवळसर भुगा गळत होता.

ते खाली बसले. डब्याच्या पिशवीचा दोरा काढून त्यांनी माझ्याभोवती तीन वेढे दिले आणि गाठ मारली.

"काय झालं हो?" मागून आईनं विचारलं.

"काही नाही. लेस तुटली."

मी वाट बघत होतो. परत फिरायला अर्धा तासही लागला नसता. बाबांनी एकदा खालच्या वाटेकडे बघितलंही. तेवढ्यात भिंगरी वरून ओरडली, "आई, तुझे गाल बघ कसे लाल झालेत! अगदी जुन्या फोटोतल्यासारखी दिसतेस!" आईनं खरंच गालाला हात लावला. बाबा उठले आणि चालायला लागले.

धबधब्याचं पाणी बारीक होतं, पण खालचा डोह खोल होता. कडांना बर्फाचे काटे धरले होते. पलीकडे जायला पाण्यातून सात-आठ मोठे दगड होते आणि उडणाऱ्या तुषारांनी त्यांच्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा जमला होता. भिंगरी नव्या बुटांत टणाटण उड्या मारत पार झाली. त्या वर्षी बाबांनी पंपाचा विनोद केला नाही. त्यांचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं.

"मी इथंच बसते काठावर," आई म्हणाली. "तुम्ही जाऊन या."

"आई, ये ना! इथून काय सुंदर दिसतंय!" पलीकडून भिंगरीनं हाक मारली.

बाबांनी हात पुढे केला. "चल. मी आहे ना."

आईनं तो हात धरला.

तिसऱ्या दगडावर दोरा तुटला. मी टेकलो तेव्हा सोल माझ्याखाली दुमडला आणि बाबांचा पाय निसटला. ते एका अंगावर दगडावर आदळले. आई त्यांच्या हाताला धरून होती, ती त्यांच्यावरून पुढे गेली, डोहात. पडताना तिचं डोकं दगडाच्या कडेला लागलं. तो आवाज मी अगदी जवळून ऐकला.

भिंगरीनं उडी मारली. दगडांपाशी पाणी छातीपर्यंत होतं आणि थंडीनं तिचा श्वास अडकत होता, तरी तिनं आईला काठावर ओढून आणलं. आईचे डोळे उघडे होते, पण ती कुणाकडेच बघत नव्हती. भिंगरीनं ओले कपडे तसेच ठेवून तिची छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, हाका मारल्या. बाबा मोडलेलं मनगट पोटाशी धरून दगडांवरून रांगत आले. खालच्या वस्तीतून माणसं स्ट्रेचर घेऊन येईपर्यंत दुपार झाली होती. त्यांच्यातल्या एकानं आईच्या तोंडावरून शाल ओढली, तेव्हा भिंगरीनं ती परत खाली केली. म्हणाली, "तिला गुदमरतं."

इस्पितळात बाबांच्या हाताला प्लॅस्टर घातलं आणि आम्हाला सामानाच्या पिशवीत टाकलं. घरी आल्यावर ती पिशवी बाहेरच्या खोलीच्या दारामागे राहिली. कुणीच उघडली नाही.

लोक भेटायला यायचे, मशिनशेजारच्या खुर्चीवर बसायचे. भिंगरी प्रत्येकाला एकच सांगायची, "मीच हट्ट केला. ती नको म्हणत होती." तिनं नोकरीच्या ठिकाणी कळवलं की आता ती येणार नाही. ती जेवायला बसायची आणि ताट तसंच उचलायची. बाबा ऐकत होते, बघत होते. आणि काही बोलत नव्हते. तीन महिने.

एक दिवस शेजारच्या मावशी त्यांचा कोट न्यायला आल्या. तो आईनं अर्धाच उसवून ठेवला होता. भिंगरीनं तो घडी करून दिला. मावशी जाता जाता म्हणाल्या, "पण अशा थंडीत तिला धबधब्यावर नेलंसच का गं?"

"चुकलं माझं, मावशी," भिंगरी म्हणाली.

मावशी गेल्या. आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले. दारामागची पिशवी उघडली, मला काढलं आणि शिलाई मशिनवर, भिंगरीसमोर ठेवलं. माझ्या पोटाला अजून दोऱ्याचे दोन वेढे होते.

"हे काय?" भिंगरीनं विचारलं.

"सोल सुटला होता. म्हणून मी पडलो. तिला मी पाडलं, भिंगरी. तू नाही."

तिनं मला उलटं केलं. भुगा तिच्या तळहातावर पडला. तिनं दोऱ्याला बोट लावलं.

"हा दोरा कधी बांधलात?"

"दुसऱ्या वळणावर."

"म्हणजे वाटेतच कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तुम्ही दोघी इतक्या खूश होतात..."

"आईला माहीत होतं?"

"तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, लेस तुटली."

तुम्हाला वाटत असेल, मग भिंगरी रडली आणि बाबांच्या गळ्यात पडली. तसं झालं नाही. तिनं मला सावकाश खाली ठेवलं. म्हणाली, "तीन महिने मी सगळ्यांना सांगतेय. तुम्ही याच घरात होतात." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी ती नव्यानं नोकरी शोधायला त्याच शहरात निघून गेली. निघताना वाकून नमस्कार केला, पण बाबांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

आता घरात बाबा एकटेच असतात. पंपघरात जातात, येतात, स्वतःपुरतं शिजवतात. आम्हाला त्यांनी टाकून दिलं नाही आणि दुरुस्तही केलं नाही. आम्ही मशिनखाली आहोत. पहिले काही महिने फोन वाजलाच नाही. मग रविवारी वाजायला लागला. बाबांचं मनगट अजून नीट वळत नाही, म्हणून ते फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवतात, मोठ्यानं बोलतात आणि मला दोन्हीकडचं ऐकू येतं. जेवलात का, पाऊस आहे का, एवढंच असतं. त्या दिवसाचं नाव कुणीच काढत नाही. परवा मात्र भिंगरीनं विचारलं, "कामावर जाताना पायात काय घालता?"

"नवीन घेतलेत."

"सोल बघितलात?"

"बघितला."

"दोन्ही?"

"दोन्ही," बाबा म्हणाले.

मित्रांनो, आम्हाला वर्षानुवर्षं कोंडून ठेवू नका, आणि ठेवलंच, तर बाहेर काढल्यावर नुसत्या चकाकीवर जाऊ नका. हात घालून बघा, वाकवून बघा, जाणत्याला दाखवा. पण याहून महत्त्वाचं एक आहे. वाटेत काही सुटलं, तुटलं, तर ते तिथंच मोठ्यानं सांगा. सगळे हिरमुसतील, कुणी रागावेल, एवढ्या लांब येऊन परत फिरावं लागेल. फिरा. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाता येतं, सगळ्यांना मिळून.