कोऱ्या चकतीचा संशय

या मायबापहो, जवळ सरकून बसा. मामावर घेतलेल्या संशयाची गोष्ट सांगते.

मामा रानटी जुनिपर झुडपाच्या फळांचं वासाचं तेल भट्टीवर काढायचा आणि भाची प्रयोगशाळेत ते जंतूंवर तपासायची. एकदा काचेच्या बशीत तेल लावलेल्या कागदी चकतीभोवतीचे जंतू मेले, हे ठीक. पण शेजारच्या, तेल न लावलेल्या कोऱ्या चकतीभोवतीचेही मेले. आदल्या दिवशी ती फोनवर असताना मामा तिथे एकटाच होता. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"मामा, खरं सांग, कोऱ्या चकतीवर थेंब सोडलास? चाचणी बाद झाली तर तुझं तेल कोणी घेणार नाही."

"देवाशपथ नाही. सोडायचंच तर थेंबभर कशाला, माझा हात सढळ आहे." मग मामा हळूच म्हणाला, "माझ्या भट्टीच्या खोलीत दही लागत नाही गं. नुसत्या वासानेच."

भाची चपापली. जागा वाचवायला तिनेच दोन्ही चकत्या एका झाकणाखाली ठेवल्या होत्या; तेलाची वाफ तिथेच कोंडली होती. तिने नवी कोरी चकती वेगळ्या बशीत ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या चकतीभोवती जंतू मजेत वाढलेले दिसले. भाची खालमानेने भट्टीवर गेली.

कुणावर बोट रोखण्याआधी, दही न लागणाऱ्या खोलीतल्या त्या मामाची आठवण ठेवा.